सल आणि शल्य : शस्त्रक्रियेनंतर उरणाऱ्या वेदनेच्या कारणाचा शोध

१

मराठीत 'शल्य' आणि 'सल' हे दोन शब्द शेजारीशेजारी नांदतात. पहिला तत्सम; दुसरा त्याच शब्दापासून प्राकृत 'सल्ल'च्या वाटेने आलेला तद्भव. 'शल्य' म्हणजे मुळात शरीरात शिरून राहिलेली वस्तू : बाणाचे टोक, काटा, काडी, हाडाची कपची. 'सल' म्हणजे त्या वस्तूच्या टोचणीचे दुःख. आणि रूढीने, ती वस्तू निघून गेल्यावरही टिकून राहणारे दुःख. काटा निघाला तरी सल राहतो, असे आपण म्हणतो ते याच अर्थाने. हे स्थित्यंतर एकट्या मराठीत घडलेले नाही. हिंदीतील 'सालना', गुजरातीतील 'सालवुं', पंजाबीतील 'सल्ल' ही त्याच कुळातील रूपे असून त्या सर्वांत मूळचा वस्तुवाचक शब्द वेदनावाचक झालेला दिसतो. कारणाचे नाव कार्याला मिळाले आणि कार्य कारणावाचूनही नांदू लागले.

शब्दाच्या इतिहासातील ही घटना वैद्यकातील एका अवघड प्रश्नाशी जुळणारी आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रश्न असा : शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, जखम भरून आली, तरीही दुखणे राहिले. त्याचे कारण कसे शोधावयाचे? ही तक्रार अपवादात्मक नाही. केलेट, जेन्सेन आणि वुल्फ या तिघांनी २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये जो आढावा घेतला, त्यानुसार नेहमीच्या शस्त्रक्रियांनंतर १० ते ५० टक्के रुग्णांत वेदना दीर्घकाळ राहते आणि २ ते १० टक्के रुग्णांत ती तीव्र असते. अवयवच्छेद, छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया, स्तनावरील शस्त्रक्रिया यांत हे प्रमाण अधिक. हर्निया व सिझेरियन यांत सुमारे १० टक्के. असे असूनही या दुखण्याला रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळण्यास त्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती यावी लागली. ती जागतिक आरोग्य परिषदेने २०१९ साली स्वीकारली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेली वा वाढलेली आणि जखम भरण्याचा काळ उलटून निदान ३ महिने टिकलेली वेदना, अशी तिची व्याख्या करण्यात आली आहे.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय ठेवण्याचे कारण भाषिक आहे. समजा, नवी दिल्लीतील कोपर्निकस मार्गावर, महाराष्ट्र सदनाच्या जुन्या वास्तूत, उपचारासाठी आलेला एखादा मराठी माणूस उतरला आहे. सकाळी तो रुग्णालयात जातो. वर्षापूर्वी झालेल्या शस्त्रक्रियेच्या जागी त्याला काय होते हे त्याला नेमके ठाऊक आहे : कळ येत नाही, ठणका नाही, पण वणाभोवती आग होते आणि सदऱ्याचा स्पर्शही सोसत नाही. हिंदीत बोलताना या साऱ्याचे 'दर्द' होते. कागदावर उतरताना 'पेन' होते. ज्या तपशिलावरून कारणाचा माग लागावयाचा, तो दोन भाषांतरांत गळून पडतो. त्याच रस्त्याच्या टोकाला, मंडी हाउसच्या चौकात, साहित्य अकादमीचे रवीन्द्र भवन उभे आहे. चोवीस भाषांतील साहित्याचे परस्परांत भाषांतर व्हावे म्हणून तेथे दीर्घकाळ प्रयत्न होत आले. कवितेच्या भाषांतरात काय हरवते याची आपण बारकाईने चर्चा करतो. रुग्णाच्या वाक्यात काय हरवते, याचीही चर्चा आपल्याच विद्येच्या कक्षेत येते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२

शल्याच्या शोधाचे आपल्याकडील सर्वांत जुने आणि सर्वांत व्यवस्थित विवेचन सुश्रुतसंहितेत आहे. सूत्रस्थानाचा सव्विसावा अध्याय 'प्रनष्टशल्यविज्ञानीय' या नावाचा आहे. प्रनष्ट म्हणजे दिसेनासे झालेले. बाहेरून जखम मिटली आहे, आत काही राहिले आहे की नाही ते दिसत नाही. ते कसे ओळखावे, हा त्या अध्यायाचा विषय.

त्यातील रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. शल्य त्वचेत दडले असेल तर तेथे तेल लावून शेक द्यावा आणि थिजलेले तूप, माती किंवा चंदन यांचा लेप द्यावा. जेथे उष्णतेने तूप विरघळेल वा लेप आधी वाळेल, तेथे शल्य आहे असे जाणावे. शिरा, धमन्या, स्नायू यांत दडले असेल तर रुग्णाला मोडक्या चाकाच्या रथात बसवून उंचसखल वाटेने वेगाने न्यावे. धक्क्यांनी जेथे सूज वा वेदना उठेल तेथे शल्य. सांध्यात असेल तर सांधा आखडून, पसरून पाहावा. चढणे, धावणे, पोहणे, इतकेच काय पण जांभई, खोकला, शिंक, हसणे यांपैकी कशाने वेदना जागी होते, हेही पाहावयास सांगितले आहे. आजचा चिकित्सक रुग्णाला खोकावयास लावतो, पाय उचलावयास सांगतो, पोटाचे स्नायू ताणून धरावयास लावून बोटाने दाबतो. या शेवटच्या तपासणीला कार्नेट या शल्यविशारदाचे नाव असून ती १९२६ साली वर्णिली गेली. पोट ताणल्यावर दुखणे वाढले तर त्याचे मूळ बहुधा पोटाच्या भिंतीत आहे, आतल्या अवयवांत नाही, असे त्यावरून अनुमान करतात. साधने पालटली, वेदना मुद्दाम जागी करून तिचा पत्ता विचारावयाचा हे तत्त्व तेच राहिले.

सुश्रुताने आणखी एक गोष्ट नोंदविली आहे. काही शल्ये आत राहूनही वरची जखम बिनतक्रार भरून येते. पुढे कधी व्यायामाने, आघाताने वा दोषांच्या प्रकोपाने ती हलतात आणि पुन्हा पीडा देऊ लागतात. शस्त्रक्रिया आणि दुखणे यांच्या मध्ये निर्वेध काळ जाऊ शकतो, हे येथे स्पष्टपणे ओळखलेले आहे.

मात्र 'शल्य म्हणजे वस्तू' एवढ्यावर सुश्रुत थांबत नाही. शरीराबाहेरून आलेले ते आगंतुक शल्य; पण दात, केस, नखे, बिघडलेले धातू, मळ आणि दोष हेही शारीर शल्यच होत, असे तो मानतो; आणि यंत्रांच्या अध्यायात तर मन व शरीर या दोहोंना पीडा देणारे ते शल्य, अशी व्यापक व्याख्या करतो. शल्य ही केवळ चिमट्याने उचलून दाखविता येणारी वस्तू, हा संकोच त्याच्या मूळ विचारात नव्हता. तो पुढच्या काळाने केला.

३

चिमट्याने उचलून दाखविता येणारे शल्य जेव्हा खरोखरच असते, तेव्हा काय घडते याचे एक दुःखद उदाहरण महाराष्ट्राच्या न्यायालयीन इतिहासात नोंदलेले आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील सरकारी रुग्णालयात बाळंत झालेल्या एका स्त्रीवर १३ जुलैला कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. लगेच तिला जोराचा ताप आला आणि अशा साध्या शस्त्रक्रियेनंतर अपेक्षित नसलेल्या तीव्र वेदना सुरू झाल्या. १९ जुलैला पोट पुन्हा उघडले तेव्हा आत राहिलेला कापडी बोळा आणि साचलेला पू सापडला. २४ जुलैला ती स्त्री मरण पावली. तिच्या पतीने व मुलांनी चालविलेला दावा कोपर्निकस मार्गापासून जवळच, टिळक मार्गावर असलेल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २० फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायालयाने राज्य शासनाला जबाबदार धरले आणि कनिष्ठ न्यायालयाने मंजूर केलेली ३६,००० रुपयांची नुकसानभरपाई पुन्हा कायम केली. मृत्यू आणि निर्णय यांच्यात तेहतीस वर्षांहून काही महिने कमी इतके अंतर पडले.

या निर्णयात न्यायालयाने एका जुन्या लॅटिन सूत्राचा आधार घेतला. त्याचा आशय असा की वस्तुस्थितीच स्वतः बोलते. निष्काळजीपणा निराळा सिद्ध करावा लागत नाही. पोटात बोळा सापडला; यापुढे साक्षीची गरज नाही. या प्रकारच्या शल्याला वैद्यकात 'गॉसिपिबोमा' म्हणतात. कापसाच्या लॅटिन नावावरून तो शब्द बनविला आहे. ते टाळण्यासाठी शस्त्रक्रियेच्या आधी आणि जखम शिवण्यापूर्वी बोळे, सुया व हत्यारे मोजावयाची असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली काढलेल्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीत ही मोजणी अंतर्भूत आहे. क्षकिरणांत दिसावा म्हणून बोळ्यात विशिष्ट धागाही विणलेला असतो.

म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या न हटणाऱ्या वेदनेत पहिले कर्तव्य शल्य शोधण्याचे. शल्य येथे व्यापक अर्थाने घ्यावयाचे : राहून गेलेली वस्तू, दबून राहिलेला जंतुसंसर्ग, पित्ताशय काढल्यावरही पित्तनलिकेत उरलेला खडा, पुन्हा उद्भवलेला हर्निया, सैल झालेला कृत्रिम सांधा, परतलेली कर्करोगाची गाठ. रक्ततपासणी, क्षकिरण, सोनोग्राफी, सी. टी. स्कॅन ही सारी या शोधाची साधने. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यात दुखत असेल तर सांध्यातील पाणी काढून जंतू तपासणे, आणि दुखण्याचे मूळ खुब्यात वा कण्यात तर नाही ना हे पाहणे, हेही त्यातच येते.

अडचण पुढे सुरू होते. या सर्व तपासण्या होतात आणि काहीच सापडत नाही. वस्तू बोलत नाही. तेव्हा रुग्णालाच बोलावे लागते. आणि पुष्कळदा त्याचे बोलणे पुरावा म्हणून धरलेच जात नाही. 'सारे काही व्यवस्थित आहे, हे मनाचे खेळ आहेत,' असे त्याला सांगण्यात येते. वस्तूच्या साक्षीची सवय लागलेल्या निदानाची ही मर्यादा होय.

४

वस्तू हीच वेदनेचे कारण असते, या समजाची एक चांगली परीक्षा अलीकडच्या काळात झाली आहे. तिचे एक टोक पुण्यात आणि दुसरे पोलंडमध्ये आहे.

जांघेतील हर्नियाच्या शस्त्रक्रियेत १९८० च्या दशकापासून लिखटेनस्टाइन यांची रीत सर्वमान्य झाली. पोटाच्या भिंतीतील दुबळ्या जागेवर कृत्रिम धाग्याची जाळी शिवावयाची, असे तिचे स्वरूप. हर्निया पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण तिने बरेच घटले. पण जांघेत राहणाऱ्या वेदनेच्या तक्रारी पुढे येऊ लागल्या आणि संशयाचे बोट साहजिकच जाळीकडे वळले. ती शरीरात ठेवलेली परकी वस्तू होती. सुश्रुताच्या भाषेत आगंतुक शल्य. पुण्याचे शल्यविशारद डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ साली जाळीविना करावयाची रीत प्रसिद्ध केली. पोटाच्या बाह्य तिरप्या स्नायूच्या कंडरापटलाची एक पट्टी मूळ जागेपासून न तोडता खाली शिवून तीच दुबळ्या भिंतीला आधार म्हणून वापरावयाची, अशी ती कल्पना. परकी वस्तू नाही, म्हणून तिच्यापासून होणारा त्रासही नाही, हे तिचे आकर्षण होते.

या दोन रीतींची तुलना पोलंडमधील शल्यविशारदांनी केली आणि २०१२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे संशोधक टोरुन येथील निकोलस कोपर्निकस विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतील होते. ज्याचे नाव दिल्लीच्या या मार्गाला दिले आहे, त्याच खगोलशास्त्रज्ञाच्या जन्मगावचे ते विद्यापीठ. एकूण २०८ पुरुष रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे योगायोगाने त्यांचे दोन गट पाडले. १०५ जणांवर देसरडा रीतीने, १०३ जणांवर जाळी घालून शस्त्रक्रिया झाली, आणि ३ वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. हर्निया दोन्ही गटांत प्रत्येकी दोघांना पुन्हा झाला. दीर्घकालीन वेदना देसरडा गटात ४.८ टक्के आणि जाळीच्या गटात २.९ टक्के रुग्णांना राहिली. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता. विशेष म्हणजे 'आत काही परके आहे' या जाणिवेच्या बाबतीतही दोन गटांत फरक आढळला नाही.

या निष्कर्षाचा अर्थ जपून लावला पाहिजे. वेदना राहिलेल्या रुग्णांची संख्या दोन्ही गटांत अगदी थोडी होती. तेव्हा बारीकसा फरक अशा चाचणीतून निसटू शकतो. जाळी कधीच त्रास देत नाही, असेही त्यातून सिद्ध होत नाही. ती आकसते, मज्जातंतूला वेढून बसते आणि काही रुग्णांत ती काढावी लागते, हे अनुभवसिद्ध आहे. देसरडा यांच्या रीतीचेही महत्त्व त्याने कमी होत नाही; जेथे जाळी परवडत नाही वा नकोशी असते तेथे तिने तितकेच टिकाऊ काम केले, हे त्याच चाचणीने दाखविले. पण एवढे मात्र निश्चित की जेथे परकी वस्तू मुळी नव्हतीच तेथेही 'आत काही आहे' असे सांगणारे रुग्ण जाळीच्या गटाइतकेच आढळले. शल्य नसताना सल होता.

याचे स्पष्टीकरण शरीररचनेत आहे. जांघेतून तीन बारीक मज्जातंतू जातात. शस्त्रक्रिया कोणत्याही रीतीची असो, वाट त्यांच्यावरूनच जाते. चिरताना, ताणताना, टाका घालताना त्यांपैकी एखादा दुखावतो. कधी वणाच्या घट्ट उतींत अडकतो. कधी तुटलेल्या टोकाशी त्याची लहानशी गाठ बनते आणि तिच्यावर टिचकी मारली की झिणझिणी निघते. स्तनावरील शस्त्रक्रियेत काखेतून दंडाकडे जाणारा तंतू, छातीच्या शस्त्रक्रियेत बरगड्यांमधले तंतू, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत वाटीखालून जाणारी शाखा यांचे असेच होते. हे तंतू कोणत्याही साध्या क्षकिरणचित्रात दिसत नाहीत.

शिवाय वेदनेचा निरोप वाहणारी यंत्रणा स्वतःच पालटते. दीर्घ वा तीव्र माऱ्यानंतर मज्जारज्जूतील पेशी अधिक संवेदनशील होतात आणि साध्या स्पर्शालाही वेदना म्हणून पुढे धाडतात, हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली प्रयोगाने दाखविले. शस्त्रक्रियेपूर्वीच दीर्घकाळ दुखत असणे, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत वेदनेचे शमन नीट न होणे, भीती, निद्रानाश, ही सारी या पालटाला हातभार लावतात. मनाचा संबंध येथे जरूर आहे. पण तो कारणांपैकी एक म्हणून. वेदना खोटी असल्याचा पुरावा म्हणून नव्हे.

५

कारणाचा शोध घेताना चिकित्सक तीन गोष्टी विचारतो : केव्हा, कोठे आणि कसे. या तिन्हींत फसगतीच्या जागा आहेत.

पहिला प्रश्न काळाचा. जे दुखणे शस्त्रक्रियेपूर्वी होते तेच आहे काय? तसे असेल तर शस्त्रक्रियाच भलत्या कारणावर झाली असण्याचा संभव असतो. पित्ताशयात खडे दिसले म्हणून ते काढले, पण दुखणे जठरव्रणाचे वा आतड्यांचे होते, असे घडते. शुद्धीवर येताच नव्या प्रकारचे दुखणे सुरू झाले असेल तर मज्जातंतूचा संशय बळावतो. मध्ये चांगला काळ जाऊन मग सुरू झाले असेल तर संसर्ग, हर्नियाची पुनरुत्पत्ती, सांध्याचे सैल होणे यांकडे पाहावयाचे. मात्र 'नंतर' म्हणजे 'त्यामुळे' नव्हे. सिझेरियनच्या वेळी कमरेत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनमुळे पुढे आयुष्यभर कंबर दुखते, ही आपल्याकडील घरोघरची समजूत. तिला संशोधनाने पुष्टी मिळालेली नाही. गरोदरपण, बाळंतपण, लहान मुलाला उचलणे, पाजताना वाकून बसणे यांनी तशीही कंबर दुखतेच. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. इतक्या स्त्रियांचे दुखणे एका इंजेक्शनच्या नावावर लोटले की खऱ्या कारणाचा शोध सुरूच होत नाही. वणाजवळ अडकलेला तंतू असला तरी तो कोणी पाहत नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. वेदना जेथे जाणवते तेथेच तिचे कारण असते असे नाही. खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवते; पित्ताशयाचे उजव्या खांद्यात. सूर्य फिरताना दिसतो म्हणून तो फिरतो असे नव्हे, हे १५४३ साली ग्रंथरूपाने सांगणारा कोपर्निकस स्वतः पादुआ येथे १५०१ ते १५०३ या काळात वैद्यक शिकला होता आणि पुढे त्याने वैद्य म्हणूनही काम केले, हे येथे आठवण्यासारखे आहे. पाहणारा ज्या ठिकाणी उभा आहे त्या ठिकाणामुळे होणारा भास, आणि प्रत्यक्ष कारण, यांत भेद करणे हेच निदानाचेही काम.

या भासाचे एक उदाहरण महाराष्ट्रातील शल्यकर्माच्या इतिहासाशी जोडलेले आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रज फौजेच्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या एका विटा बनविणाऱ्या जातीच्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसविले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तो वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि युरोपातील शल्यशास्त्राने ती रीत उचलली. या रीतीने नाक केलेल्या रुग्णांत एक गोष्ट शल्यविशारदांना परिचित आहे : कपाळाचा तंतू जोवर शाबूत असतो तोवर नव्या नाकाला केलेला स्पर्श रुग्णाला कपाळावर जाणवतो. कातडी नाकावर आली. मेंदूतील तिचा पत्ता जुनाच राहिला. कापलेल्या हातापायांच्या ठिकाणी जाणवणारी वेदना हा याच भासाचा अधिक क्रूर प्रकार. कावसजीने हातही गमावला होता. त्या नसलेल्या हातात त्याला काही जाणवत होते काय, याचा त्या वृत्तांतात पत्ता नाही. तो वृत्तांत नाकाचा आहे, हाताचा नाही. वैद्यकाची नजर जेथे असते तेथलेच लिहिले जाते.

जागेचा संशय पडताळण्यासाठी संशयित तंतूभोवती बधिर करणारे औषध टोचून पाहतात. काही वेळ वेदना थांबली तर संशय बळावतो. एका चाचणीने तो सिद्ध होतो असे मात्र नाही. इंजेक्शन दिले एवढ्यानेही काहींना बरे वाटते. म्हणून ती पुन्हा करून पाहावी लागते.

६

तिसरा प्रश्न 'कसे दुखते' हा. येथे आपण शब्दाच्या क्षेत्रात येतो.

वेदनेला भाषा नसते, असे पाश्चात्त्य साहित्यविचारात अनेकदा म्हटले गेले आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ सालच्या आपल्या निबंधात आजारपणासाठी इंग्रजी अपुरी पडते अशी तक्रार केली; एलेन स्कॅरी यांनी १९८५ सालच्या ग्रंथात वेदना भाषेचा नाशच करते असा सिद्धांत मांडला. चिकित्सालयातील अनुभव काहीसा वेगळा आहे. रोनाल्ड मेल्झॅक यांनी रुग्णांच्या तोंडचे शब्द गोळा करून १९७५ साली जी प्रश्नावली सिद्ध केली तीत ७८ विशेषणे २० गटांत मांडली आहेत. शब्द पुष्कळ होते. ऐकून घेणारी पद्धत नव्हती.

मराठीचा संग्रह या दृष्टीने पाहावा. ठणका आणि ठसठस हे नाडीच्या ठोक्याबरोबर उसळणारे दुखणे. पू वा सूज असावी असे सुचविणारे. कळ लाटेसारखी येते आणि ओसरते. मुरडा वा पीळ आतड्यांकडे बोट दाखवितो. चमक आणि उसण हालचालीबरोबर भरतात. त्यांचा संबंध स्नायू व सांधे यांच्याशी. रग थकलेल्या स्नायूची. ओढ बसते ती आकसलेल्या वणाची. चुरचुर कातडीच्या वरच्या थराची. आग, झिणझिण्या, मुंग्या, सणक, बधिरपणा हा गट वेगळा, तो मज्जातंतूचा. प्रत्येक शब्द म्हणजे निदान नव्हे. बोलीबोलींत अर्थ सरकतात आणि एकाच रुग्णात दोन प्रकार एकत्र असू शकतात. पण कोणत्या दिशेने शोध घ्यावा हे शब्द सांगतो.

हे केवळ भाषाप्रेमीचे म्हणणे नाही. फ्रेंच संशोधकांनी २००५ साली मज्जातंतूजन्य वेदना ओळखण्यासाठी दहा कलमांची एक कसोटी प्रसिद्ध केली. तिच्यातील सात कलमे म्हणजे रुग्णाला विचारावयाचे शब्द आहेत : भाजल्यासारखी आग, वेदना देणारा गारठा, विजेचा झटका, मुंग्या, टाचण्या टोचल्याची जाणीव, बधिरपणा आणि खाज. उरलेली तीन तपासणीची : स्पर्श कमी कळतो काय, टोचणे कमी कळते काय, आणि हलक्या कुंचल्याने वेदना वाढते काय. दहापैकी चार कलमे जुळली तर मज्जातंतूचा दोष संभवतो. ज्या दोषाचे चित्र साध्या यंत्रावर उमटत नाही, त्याचा दोनतृतीयांशांहून अधिक पुरावा शब्दांनी गोळा होतो.

यातील एक विसंगती विशेष लक्षणीय आहे. रुग्ण म्हणतो, 'ती जागा बधिर आहे, आणि तेथेच फार दुखते.' ऐकणाऱ्याला हे परस्परविरुद्ध वाटते आणि त्याचा रुग्णावरचा विश्वास डळमळतो. साहित्यशास्त्रात ज्याला आपण विरोधाभास म्हणतो तो येथे साधा वस्तुनिष्ठ वृत्तांत आहे : दुखावलेला तंतू बाहेरचा स्पर्श पोचवीत नाही, आणि स्वतः मात्र खोटे निरोप धाडीत राहतो. रुग्णाने हे वाक्य सुसंगत करण्याच्या प्रयत्नात अर्धे गाळले, किंवा दुभाष्याने ते 'सुधारले', तर निदानाचा मुख्य दुवाच तुटतो. चांगला भाषांतरकार मूळ संहितेतील विरोध पुसून टाकीत नाही. दुभाष्यालाही तेच शिकविले पाहिजे.

७

यावरून काही व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. रुग्णाच्या तोंडचा शब्द, तो ज्या भाषेत उच्चारला गेला त्याच भाषेत, तपासणीच्या कागदावर लिहिला जावा. त्याचा अर्थ शेजारी लिहावा, त्याच्या जागी नव्हे. रुग्णाने दुखण्याची जागा एका बोटाने दाखवावी. ते केव्हा सुरू झाले, कशाने जागे होते आणि कशाने शांत होते हे आधी लिहून न्यावे. आणि परक्या भाषेत शब्द सापडला नाही तर उपमा द्यावी. 'करंट बसल्यासारखे' ही उपमा कोणत्याही भाषेत कळते.

विद्यापीठांच्या भाषाविभागांचेही येथे काम आहे. वेदनेच्या प्रश्नावल्या दुसऱ्या भाषेत नेताना नुसते भाषांतर पुरत नाही. भाषांतर करावयाचे, ते दुसऱ्याकडून मूळ भाषेत परत आणवायचे, दोन्हींतील तफावत पाहावयाची, आणि मग रुग्णांपुढे ठेवून त्यांना प्रत्येक शब्दातून काय कळते ते विचारावयाचे, अशी शिस्त आहे. विदर्भातील, कोकणातील, सीमाभागातील बोलींत 'सणक' वा 'रग' यांचा अर्थ एकच आहे काय, हे कोशावरून कळणार नाही. ते ऐकावे लागेल. हे काम चिकित्सक एकटा करू शकत नाही आणि भाषेचा अभ्यासकही एकटा करू शकत नाही.

वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७९ साली केलेली आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारताना म्हणते की, वेदना होत असल्याचे माणसाने सांगितले तर त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. मान राखणे म्हणजे शोध थांबविणे नव्हे. शल्य असेल तर ते शोधून काढलेच पाहिजे. औरंगाबादच्या त्या स्त्रीच्या बाबतीत ताप आणि वेदना यांची दखल घेण्यात गेलेले सहा दिवस हे विसरू देत नाहीत. आणि शल्य सापडले नाही तर सल नाकारावयाचा नाही. तंतूंची, त्यांच्या पलीकडे मज्जारज्जूची तपासणी पुढे चालू ठेवावयाची, आणि त्या तपासणीत रुग्णाची भाषा हे साधन म्हणून वापरावयाचे. सुश्रुताने थिजलेल्या तुपाला साक्षीदार केले, कारण त्याच्याजवळ तेवढेच सूक्ष्म उपकरण होते. शब्दांचे उपकरण आपल्याजवळ आहे. ते वापरण्याची रीत बसवावयाची राहिली आहे.